मोंबासाला निघालेल्या भाचीला मावशीचे कानमंत्र

पोरी, तुमचं बिऱ्हाड मिशनच्या सेवेसाठी केनियाला, थेट मोंबासाच्या किनाऱ्यावर निघालंय हे तुझ्या आईनं कळवलं. आशीर्वाद द्यायला बिशपसाहेब आहेत, शाल द्यायला महिला संघ आहे. मी तुझी मावशी, म्हणून कुकरच्या रबरापासून मृत्युपत्रापर्यंत जे कुणी व्यासपीठावरून बोलत नाही ते सांगते. आम्ही दोघांनी त्याच किनाऱ्यावर संसार केला आणि तिथले ठेच लागण्याजोगे बहुतेक दगड आमच्या ओळखीचे आहेत.

आपल्या नाशिकचं आणि मोंबासाचं नातं जुनं आहे. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकोणिसाव्या शतकात आपल्या नाशिकच्या शरणपुरात शिकली. तिथली वस्ती उभारणारे विल्यम सॉल्टर प्राइस १८७४ मध्ये मोंबासाला गेले. त्यांनी मोंबासा बेटासमोरच्या किनाऱ्यावर फ्रीअरटाउन वसवलं, आणि शरणपूरची ही मुलंही तिथल्या कामाला लागली. तेव्हा ही वाट मळलेली आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की परदेशातली सेवा मोठ्या संकटात सहसा टिकते, कारण तेव्हा सगळे प्रार्थनेला बसतात. ती रुतते घरातल्या बारीकसारीक गोष्टींत, ज्यांच्यासाठी कुणी प्रार्थना मागत नाही.

निघण्याआधी

१. जायचं की नाही याचं उत्तर दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून द्या – मिशनरी विल्यम कॅरीच्या बायकोनं, डोरथीनं, आधी नकार दिला होता. १७९३ मध्ये ती मन मारून बंगालला आली, पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर दगावला आणि तिचं मन पुन्हा कधी ताळ्यावर आलं नाही. याच कॅरीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. एवढ्या विद्वानाच्या घरात हे घडलं, हे ध्यानात ठेवा.

२. जावईबापू, ‘मला देवानं बोलावलंय’ हे वाक्य घरात जपून वापरा – त्यावर बायकोला उलट बोलता येत नाही, आणि जिथे बोलता येत नाही तिथे धुमसणं सुरू होतं.

३. आधी परवाना, मग तिकीट – केनियात धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी परवान्याचा वेगळा वर्ग आहे. पर्यटक म्हणून जाऊन काम सुरू केलंत तर मान खाली घालायची वेळ तुम्हाला बोलावणाऱ्या मंडळीवर येते.

४. तू नवऱ्यावर अवलंबून असलेली म्हणून पास घेणार असशील, तर तिथे शिकवायचं किंवा नर्सिंगचं काम करायचंय का ते आत्ताच ठरव – त्या पासावर नोकरी करता येत नाही, आणि हे तिथे गेल्यावर कळलं की वर्षभर नुसत्या पोळ्या लाटाव्या लागतात.

५. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रात वेळेवर घ्या आणि प्रमाणपत्र पासपोर्टातच ठेवा – ते टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. केनियातून परतताना ते नसेल तर आपल्याच विमानतळावर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

६. मुलांच्या पासपोर्टाची मुदत वहीत लिहून ठेव – लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि मुदत संपल्याचं नेमकं आजोबा आजारी पडतात त्या आठवड्यात लक्षात येतं.

७. बँकेतलं साधं बचत खातं अनिवासी खात्यात बदलून घ्या, नामांकन तपासा, मृत्युपत्र करा – तरण्या वयात मृत्युपत्र केल्यानं कुणी लवकर मरत नाही, न केल्यानं मागे राहिलेले मात्र रखडतात.

८. आईवडिलांचं दुखणंखुपणं कोण बघणार, रात्री दवाखान्यात कोण नेणार, हे भावंडांसमोर बसून ठरव, आणि एक तातडीच्या तिकिटाचे पैसे बाजूला ठेव – ‘बघू तेव्हा’ म्हणणाऱ्या घरात तेव्हा कुणीच बघत नाही.

९. गोडा मसाला, आमसुलं, कुकरची दोन रबरं आणि शिट्टी ने. तूरडाळीचं ओझं नेऊ नको – तूर तिकडेही पिकते, आणि मोंबासात भारतीय किराण्याची दुकानं आहेत. तुझ्या कुकरचं रबर मात्र दुसऱ्या कुणाच्या कुकरला बसत नाही.

१०. सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नको, कापडी पिशव्या शिव – केनियात २०१७ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. तिकडच्या भिंतीत चौकोनी तीन पिनांचा प्लग लागतो, तेव्हा मिक्सरसाठी अॅडॉप्टरही घे.

११. प्रत्येक मुलाला एक खोकं दे आणि त्यात काय भरायचं ते त्यालाच ठरवू दे – तुला तो फुटका ट्रक कचरा वाटेल, पण नव्या घरात पहिल्या रात्री पोराला झोप त्या ट्रकामुळेच लागते.

पाय ठेवल्यावर

१२. पहिले सहा महिने मत देऊ नका. जे खटकेल ते वहीत लिहा आणि सहा महिन्यांनी वाचा – निम्म्या नोंदींवर तुमचं तुम्हालाच हसू येईल. आधी कान, मग कीर्तन.

१३. कुणी स्वाहिलीत ‘सकाळी दोन वाजता या’ म्हणालं तर आठ वाजता जा – तिथे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून आपल्या घड्याळासाठी त्यात सहा मिळवायचे. पाळक आठ वाजता वाट बघत बसले आणि तुम्ही दुपारी दोनला उगवलात, असं होऊ देऊ नका.

१४. कामाचं बोलण्याआधी तब्येत, घर, मुलं, प्रवास सगळ्याची विचारपूस करा, वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणून मान द्या, आणि दारात ‘होडी’ अशी हाक देऊन थांबा – आतून ‘करिबू’ आल्याशिवाय उंबरा ओलांडला तर पुढचं प्रवचन वाया गेलं.

१५. पुढे केलेला चहा नाकारू नकोस, अर्धा प्यायलीस तरी चालेल – त्या घरानं साखर कदाचित तुझ्यासाठीच उसनी आणलेली असते.

१६. कुणाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस: साखर, चहापत्ती, मक्याचं पीठ यांतलं काहीही चालतं – भारी भेटवस्तू दिलीस तर परतफेडीच्या काळजीनं ती बाई तुला टाळू लागेल.

१७. कांगा, म्हणजे मोंबासाच्या भाषेत लेसो, भेट देण्याआधी त्यावर छापलेलं स्वाहिली वाक्य जाणत्या बाईकडून वाचून घे – काही वाक्यं आशीर्वादाची असतात, काही खास शेजारणीला टोमणा मारायला छापलेली असतात.

१८. किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी आहे, तेव्हा अंगभर कपडे घाल, रमजानमध्ये दिवसा रस्त्यात खाऊ-पिऊ नका, आणि ईदेला शेजारी आवर्जून जा – ज्यांच्या सणाला आपण गेलो नाही, त्यांना नाताळला बोलावण्याचा आपल्याला हक्क काय?

१९. लोक तुम्हाला आधी दुकानदार समजतील, रागावू नका – १८९६ पासून रेल्वे बांधायला हजारो भारतीय मजूर तिकडे गेले आणि मागोमाग व्यापारीही वाढले. २०१७ मध्ये केनिया सरकारनं आशियाई वंशाच्या केनियनांना देशाची ४४ वी जमात म्हणून मानलं. या इतिहासातलं बरंवाईट दोन्ही तुमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असणार.

२०. भारतीय घरांत जा, पण दर रविवारची दुपार तिथेच काढू नका – तिथे वरणभात मिळतो आणि गाऱ्हाणीही मिळतात, आणि गाऱ्हाण्यांची चव वरणापेक्षा लवकर लागते.

भाषा

२१. स्वाहिली दोघांनी सारखी शिका. जावईबापू, तिच्या वर्गाच्या वेळी पोरं तुम्ही सांभाळायची – नवरा व्यासपीठावर बोलतो आणि बायको भाजीवाल्याशीही खुणांनी बोलते अशा घरात ती दोन वर्षांत खचते.

२२. भाषा शिकणं म्हणजे सेवेची तयारी असं समजू नका, ती सेवाच आहे – मिशनरी लुडविग क्रॅफ १८४४ मध्ये मोंबासाला उतरला, काही महिन्यांतच त्याची बायको रोझीन आणि नुकती जन्मलेली मुलगी वारली, तो स्वतः तापानं फणफणला होता. तरी त्यानं स्वाहिलीचं व्याकरण आणि शब्दकोश रचला, आणि त्यावर पुढच्यांनी पाय ठेवला.

२३. चुका चारचौघांत करा, मनातल्या मनात वाक्य जुळवत बसू नका – लोक हसतील, पण ज्याच्यावर हसता आलं त्याला लोक घरात घेतात.

२४. राबईसारख्या गावात गेलात तर तिथल्या मिजिकेंडा बोलीतला निदान नमस्कार शिकून घ्या – स्वाहिली बाजारात चालते, पण म्हातारी आजी आपल्या बोलीतच रडते.

घर आणि नवराबायको

२५. पाळकाच्या घरी रविवार हा कामाचा दिवस, तेव्हा आठवड्यातला दुसरा एक दिवस सुट्टीचा ठरवा आणि मंडळीला सांगून टाका – न सांगितलेली सुट्टी लोकांना आळस वाटते, सांगितलेली शिस्त वाटते. आपल्या नगरचे मिशनरी उन्हाळ्यात महाबळेश्वर गाठत, तेही पुढच्या वर्षी उभं राहता यावं म्हणूनच.

२६. पाहुण्यांच्या वेळा ठरवा आणि जेवणाच्या वेळी निदान एक तास घरच्यांचाच ठेवा – दार सताड, तर घर उजाड.

२७. भांडण मराठीतच करा, पण खिडक्या लावून – शब्द कुणाला कळणार नाहीत हे खरं, पण आवाज साऱ्या गल्लीला कळतो.

२८. आठवड्यातून एकदा दोघं बाहेर चालायला जा आणि मंडळीविषयी बोलायचं नाही असं ठरवा – पहिल्या दहा मिनिटांत बोलायला काही सुचलं नाही, तर समजा हे चालणं फार दिवसांपूर्वी सुरू करायला हवं होतं.

२९. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सोबत ने, आणि जावईबापूंनाही वाचायला लाव – घरातला माणूस देवकार्यात बुडाला की चूल, पैसा आणि पोरं कुणाच्या गळ्यात पडतात ते त्यात हसत-खेळत कळतं.

३०. घरकामाला बाई ठेवलीस तर पगार, सुट्टी आणि कामाचे तास लिहून ठेव, आणि पगार ठरल्या तारखेलाच दे – सेवकाच्या घरातला नोकर नाखूश असेल तर ती बातमी तुझ्या साक्षीआधी गावात फिरते.

३१. तुमच्या कामात एकटी राहणारी कुणी सहकारी असेल तर तिला सणाच्या आमंत्रणाची वाट पाहायला लावू नका, आठवड्यातलं एक जेवण तिचं धरा – सिंथिया फरार बाई १८२७ मध्ये अमेरिकेहून एकट्या मुंबईला आल्या आणि १८६२ मध्ये नगरला वारल्या; मुलींना शिकवण्यात सारं आयुष्य गेलं. अशा माणसाला ताटापेक्षा पंगत हवी असते.

३२. सहकाऱ्याशी खटका उडाला तर त्याच आठवड्यात, समोरासमोर, तिसऱ्याला न सांगता बोलून टाका – परक्या देशात परक्यांशी पटतं, दमछाक होते ती आपल्यातल्याच माणसांशी.

मुलं

३३. मुलांना मराठी लिहा-वाचायला शिकव, रोज पंधरा मिनिटं पुरतात, आणि झोपताना ‘उपासना संगीत’मधलं एखादं गीत म्हणून घे – आजीशी दुभाष्यामार्फत बोलणारं नातवंड आजीला सहन होत नाही, मी आजी आहे म्हणून सांगते.

३४. आजीआजोबांच्या फोनची वेळ ठरवून ठेव – आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे आमचे साडेदहा, आणि त्या वेळी आम्ही दात काढून ठेवलेले असतात.

३५. शाळेत नाव घालण्याआधी वर्ष कुठे सुरू होतं ते बघ – केनियातलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, आपलं जूनमध्ये. मध्येच उचललेलं पोर अर्धं वर्ष मागे पडतं किंवा अर्धं वर्ष नुसतं बसून काढतं.

३६. वसतिगृहाचा विचार आला तर मुलाला विचारा, दर सहामाहीला पुन्हा विचारा – किजाबेच्या घाटातली रिफ्ट व्हॅली अकॅडमी १९०६ पासून मिशनऱ्यांची मुलं सांभाळते आणि कित्येकांना ती मानवलीही. पण चीनमधल्या चेफूच्या मिशन शाळेतली मुलं १९४२ मध्ये जपान्यांच्या कैदेत गेली आणि पुष्कळांना आईबाप महायुद्ध संपेपर्यंत दिसले नाहीत. एका मुलाला मानवलं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही.

३७. ‘तुझं गाव कुठलं?’ या प्रश्नाला मुलानं दोन उत्तरं दिली तर दटावू नकोस – समाजशास्त्रज्ञ रूथ हिल उसीम यांनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना अशा मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीतली मुलं’ हे नाव दिलं. नाशिकही त्यांचं आणि मोंबासाही, यात कुणाचं काही कमी होत नाही.

३८. मुलांना व्यासपीठावर गाणी म्हणायला, साक्ष द्यायला भाग पाडू नका – वडिलांच्या कामाची सजावट झालेलं पोर मोठेपणी चर्चच्या बाजूनं जायचंही टाळतं.

३९. अंगाला कुणी, कुठे हात लावलेला चालत नाही, हे मुलांना स्पष्ट शब्दांत शिकव, आणि ‘मिशनमधले काका’ म्हणून कुणाकडेही रात्री एकटं ठेवू नकोस – सज्जन माणसाला या नियमाचा राग येत नाही, आणि ज्याला राग येतो त्याच्यासाठीच हा नियम आहे.

४०. तिथे बाळ झालं तर वर्षाच्या आत भारतीय उच्चायुक्तालयात त्याची नोंद करून घे, मोंबासात आपलं सहायक उच्चायुक्तालय आहे – वर्ष उलटलं की दिल्लीची परवानगी काढावी लागते, आणि बाळाला त्यातलं काही कळत नसल्यानं रडावं तुलाच लागतं.

दुखणंबाणं

४१. मच्छरदाणी रात्री न चुकता, आणि मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या पावसाळ्यांत तर घराभोवतीची डबकीही बुजवा – हिवतापाचा डास अंधारात चावतो, गरीब-श्रीमंत आणि पाळक-अपाळक बघत नाही.

४२. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा – तिकडचा हिवताप मेंदूवर जाऊ शकतो, ‘उद्या बघू’ला त्यात जागा नाही. ताप मोजावा, अंदाजू नये.

४३. नाशिकला आल्यावर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘आफ्रिकेतून आलोय’ हेच सांगा – ते विचारतीलच असं नाही, आणि डेंग्यू समजून चार दिवस गेले तर पंचाईत.

४४. अनवाणी पोरांना अंगणात सोडू नकोस, संध्याकाळी पाय बघ – तिथल्या मातीतली पिसू बोटांत घुसून अंडी घालते. सुईनं काढायचं काम तिथल्या बायकांकडून शिकून घे, तोवर पायात चप्पल बरी.

४५. झोप उडाली, रडू आवरेना, प्रार्थनेला बसावंसंच वाटेना, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टर आणि समुपदेशक गाठा – हा विश्वास कमी पडल्याचा पुरावा नाही, दुखणं आहे, आणि दुखण्याला औषध असतं.

पैसा आणि मदत

४६. मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा ही सोय तिथे २००७ पासून आहे आणि भाजीपासून दानापर्यंत सगळं तिच्यावर चालतं. मंडळीचे पैसे मात्र स्वतःच्या क्रमांकावर घेऊ नका – पै न पै बरोबर असली तरी लोकांना फक्त नाव दिसतं. हिशेब उघडा, तर झोप गाढ.

४७. मंडळीच्या प्रत्येक खर्चाला दोन सह्या ठेवा, त्यातली एक तिथल्या माणसाची – तुम्ही परत याल, तो राहील, आणि उद्या हिशेब त्यालाच सांभाळायचाय.

४८. महिन्याच्या खर्चात ‘हरांबे’साठी, म्हणजे लग्न, मयत, दवाखाना यांच्या वर्गणीसाठी, एक रक्कम आधीच काढून ठेवा – तिथे शेजारी वर्गणी मागतो तो तुम्हाला आपलं मानून. सगळ्यांना थोडं थोडं द्या, एकालाच मोठं देऊन उपकाराखाली ठेवू नका.

४९. मयताच्या घरच्या शोकबैठकीला, जिला तिथे मातंगा म्हणतात, जाऊन नुसतं बसा, लवकर उठू नका – तुमच्या दहा प्रवचनांतलं एक लोक लक्षात ठेवतील, पण मातीला आला होतात हे कधीच विसरणार नाहीत.

५०. दवाखान्याचं औषध, पोरांची फी, धान्याचं पोतं, यातल्या कशालाही चर्चमध्ये येण्याची अट लावू नका – मदत आणि बाप्तिस्मा एका ताटात वाढू नये, दोन्हींची चव बिघडते.

मंडळीत

५१. ज्याचं अंगण, त्याचा झाडू: तिथल्या पाळकानं ठरवलं तेच ठरलं – तिकडची मंडळी मोठी आहे आणि तिची मुळंही जुनी आहेत. आपल्या शरणपुरात शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर यांना १८८५ मध्ये डीकनपदाची दीक्षा मिळाली. तेव्हापासून तिथे आफ्रिकी सेवक उभे आहेत. तुम्ही गेलात म्हणून काही उजाडणार नाहीये.

५२. तुम्ही केलेलं प्रत्येक काम करायला कुणाला तरी शिकवा, आणि शिकला की ते काम त्याच्याकडे सोडून द्या – तुमच्याशिवाय चालत नाही ही तारीफ नसून तक्रार आहे.

५३. उपासना तीन तास चालली तर घड्याळ बघू नका. गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून हातावर ताल धरा – मुलांसाठी मात्र पिशवीत दोन बिस्किटं ठेव, देव समजून घेतो.

मागे राहिलेल्यांना पत्र

५४. तीन महिन्यांनी एक पत्र पाठवा, एका पानाचं, त्यात नाव न घेता सांगितलेली एक गोष्ट, एक अडचण, एक आनंद आणि हिशेब – पत्रात फुगवलेलं काम घरी मावत नाही, आणि पुढच्या वर्षी तुमच्याच शब्दांचं ओझं तुम्हाला वाहावं लागतं.

५५. पत्र धाडण्याआधी स्वतःला विचारा: ज्याच्याविषयी लिहिलं त्यानं हे वाचलं तर चालेल का? – आज त्याच्या गावातही प्रत्येकाच्या हातात फोन आहे.

५६. नाकातून शेंबूड गळणाऱ्या, फाटक्या कपड्यांतल्या पोरांचे फोटो पाठवू नका; त्यांच्या आईला विचारून, केस विंचरल्यावर काढा – आपल्या पोरांचे फोटो आपण असेच काढतो ना?

सुट्टी आणि परतणं

५७. ठरलेली सुट्टी पुढे ढकलू नका – क्रॅफचा सोबती योहान्स रेबमान १८४६ मध्ये आला तो २९ वर्षं मायदेशी गेलाच नाही. बायको आणि तान्हं मूल त्यानं तिथेच पुरलं, आणि १८७५ मध्ये तो जवळजवळ आंधळा होऊन परतला. त्याची निष्ठा थोर, पण तशी वेळ तुझ्या मुलांवर आणू नकोस.

५८. सुट्टीवर आलात की पहिले दोन आठवडे एकही सभा घेऊ नका – आई मुलीला बघायला आसुसलेली असते, आणि मुलगी पडदा लावून चित्रं दाखवत नगर-संगमनेर फिरत असते.

५९. कायमचं परतताना चार कामं करा: ज्याच्याशी बिनसलं त्याच्याशी मिटवा, ज्यांनी केलं त्यांचे आभार माना, माणसांचा आणि जागांचाही निरोप घ्या, आणि पुढे काय याचा विचार करा – मुलांनाही त्यांचं झाड, त्यांची शाळा, फ्रीअरटाउनजवळच्या केंगेलेनीची जुनी घंटा बघून निरोप घेऊ द्या. निरोप न घेता सोडलेलं गाव मन सोडत नाही.

६०. इथे आल्यावर पहिल्या वर्षात मुलांना ‘एवढंही येत नाही?’ असं कुणी म्हणू देऊ नकोस – रिक्षाचं भाडं ठरवणं, रांगेत घुसणाऱ्याला अडवणं, भावकीतली नाती सांभाळणं, हे त्यांच्यासाठी नवीन देशाइतकंच नवीन असतं.

तर पोरी, ही साठ कलमं पाठ करायची नाहीत आणि भिंतीवर लावायची तर मुळीच नाहीत. आज रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी पहिला, सातवा आणि आठवा एवढेच तीन मुद्दे हातात घ्या. परवान्याचे कागद आणि लसीची तारीख या आठवड्यात उरका. बाकीचं तिथे गेल्यावर, जसजशी ठेच लागेल तसतसं वाच. आणि अडलं तर मला विचार, लाजू नकोस. उत्तर नसलं तरी मावशी ऐकून घेईल आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या आईला त्यातलं एक अक्षरही सांगणार नाही.